लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

पाथर्डी तालुक्यातील माणसाला अनिश्चितता म्हणजे काय हे ग्रंथांतून शिकावे लागत नाही. गर्भगिरीच्या डोंगररांगांलगतचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. मृग कोरडा गेला तर आर्द्रेकडे, आर्द्रा गेल्या तर हस्ताकडे डोळे लावून बसणे हे येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडी आणि मिलो खाल्लेली माणसे अजून आपल्यात आहेत. दसरा झाला की मुकादमाच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल आधीच घेतलेली असते, बहुधा खर्चही झालेली असते, आणि पुढचे पाच-सहा महिने ती फेडण्यासाठी ऊस तोडायचा असतो. नाताळ येतो तो नेमका या हंगामाच्या ऐन भरात.

अशा जगण्यात सद्सद्विवेकबुद्धीचे प्रश्न धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील उदाहरणांप्रमाणे नीटनेटके येत नाहीत. घरात आजारी माणूस आहे, एका मुकादमाची उचल अंगावर आहे आणि दुसरा मुकादम जास्त उचल देऊ करतो आहे. काय करावे? शाळेच्या दाखल्यावर मुलीची जात एक आणि धर्मग्रामाच्या नोंदवहीत तिचा बाप्तिस्मा, अशी दोन घरांची नोंद आहे. शिष्यवृत्ती एका घराच्या नावावर मिळते, दुसऱ्याच्या नावावर नाही. काय करावे? उद्याचा भरवसा नसलेल्या माणसाने आपल्या अंतःकरणाशी सलोखा ठेवून जगायचे कसे, हा प्रश्न आपल्या भागात चैनीचा मुळीच नाही.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. परंतु ज्या वाटेने पाथर्डीच्या टोळ्या राहुरी-प्रवरेकडे जातात, त्याच मुलखात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक जोडपे राहून गेले. तेव्हा तेथे कारखाने नव्हते; प्रवरेचा सहकारी साखर कारखाना निघाला तो १९५० मध्ये. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग नगर आणि राहुरी येथे काढला. टिळकांची पदे आपण मंदिरात गातो, लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ शाळेच्या क्रमिक पुस्तकांतून थोडीफार वाचलेली असतात. हे दोघे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. आणि ज्या काळात येशूसंघीय धर्मगुरूंचे कार्य या जिल्ह्यात मूळ धरीत होते, १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ सुरू केला, त्या काळात दोन मिशनांमध्ये फारसे येणे-जाणे नव्हते. ते अंतर आता ओसरले आहे. आमच्या मते आपल्या सर्वांना उपयोगी पडेल असे काही या दांपत्याच्या आयुष्यात आहे, आणि ते टिळकांच्या धर्मांतराच्या प्रसिद्ध कथेत जितके आहे त्याहून अधिक त्यानंतरच्या पाच वर्षांत आहे.

टिळकांची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोकणातील करजगावचा. बुद्धी तेजस्वी, स्वभाव अस्थिर. नोकऱ्या धरल्या, सोडल्या, गावे बदलली, हातात पैसा टिकला नाही. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या आणि त्याने त्यांना ‘नवा करार’ दिला. प्रभूच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत टिळक पोहोचले आणि तेथेच अडकले. पुढची दोन वर्षे मोठ्या तगमगीची गेली. सत्य कळले होते, पण त्याची किंमत काय पडणार हेही कळले होते. पत्नी होती, लहानगा दत्तू होता. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो एतद्देशीय पाळकाच्या हातून घेतला. पोट भरण्यासाठी गोऱ्या साहेबाच्या दारी गेला असे कोणी म्हणू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली. तरी म्हणणारे म्हणालेच.

चरित्रकार येथे सहसा एक सुस्कारा सोडतात: टिळकांच्या जिवाला शांती लाभली. लाभली, यात शंका नाही. पण त्या शांतीचे मोल त्या दिवशी कोणाच्या पदरातून गेले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये असे आम्हांला वाटते.

लक्ष्मीबाई जलालपूरच्या गोखल्यांच्या कन्या. त्यांच्या आईचे वडील १८५७ च्या उठावानंतर फाशी गेले आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. ते वेड साधे नव्हते. मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायची, कोणाचा स्पर्श कधी कुठे झाला असेल या शंकेने घर सतत धुवायचे, पुसायचे, आणि घरातील बायामाणसांनी त्या शंकेखाली दबून राहायचे. अशा घरात वाढलेली मुलगी अकराव्या-बाराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. लिहिणे-वाचणे नवऱ्यानेच शिकवले. जोडाक्षरांशी मात्र त्यांचे वैर शेवटपर्यंत राहिले. आणि एके दिवशी कळले की, ज्याच्यासाठी सोवळे पाळायचे तोच बाटला.

हिंदू विधवेला समाजात एक ठरावीक जागा होती, कितीही दुःखाची असली तरी. सवाष्णीलाही होती. लक्ष्मीबाईंना कोणतीच नव्हती. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, आणि तरी घर मोडलेले. सुमारे साडेचार वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने, बराच काळ पंढरपुरात, काढली. शोकाने वेड लागण्याची पाळी आली होती, असे त्याच लिहितात. त्या काळात त्यांच्या दृष्टीने धर्म सोडणारा तो अपराधी होता, आणि धर्म राखणाऱ्या आपण निरपराध असून शिक्षा मात्र आपल्याला होती. त्यांची सद्सद्विवेकबुद्धी त्यांना काय सांगत होती? सोवळे पाळ, असेच सांगत होती. ती खोटे बोलत नव्हती. तिला जेवढे माहीत होते तेवढे ती सांगत होती.

येथे टिळकांची दुसरी परीक्षा सुरू होते, आणि आमच्या मते ती पहिलीपेक्षा कठीण होती. धर्मांतरित व्यक्तीचा जोडीदार धर्मांतरामुळे नांदावयास येत नसेल तर न्यायालयात जाऊन विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्याने झालेली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. त्यांनी दत्तूला आईपासून तोडले नाही. पत्रे लिहिली, भेटी घेतल्या, अपमान गिळले, वाट पाहिली. अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन नगरला आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी आल्या नाहीत. आपले सोवळे सांभाळून, वेगळ्या बिऱ्हाडात राहण्यासाठी आल्या. आपले पाणी आपण भरायचे, आपला स्वयंपाक आपण करायचा. मिशनच्या आवारात पगारावर काम करणारा उपदेशक, आणि त्याची बायको मिशनच्या माणसांच्या हातचे पाणी पीत नाही! लोक काय म्हणत असतील याची कल्पना करता येते. उपदेशकाला आपली पत्नी हा आपल्या यशाचा दाखला वाटतो, हा अनुभव आजचाही आहे. टिळकांनी मात्र तिचा घडा तिच्याच हाती ठेवला.

संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय आणि करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय आपण वाचतो तेव्हा, मूर्तीला वाहिलेले मांस खावे की नाही हा वाद आपल्याला जुना, परका वाटतो. तो परका नाही. नगरच्या त्या बिऱ्हाडात नेमका तोच वाद पाण्याच्या घड्यावरून चालला होता. पौलाचे म्हणणे असे की, सर्व अन्न शुद्ध आहे हे ज्याला समजले आहे त्याने ते ज्याला समजलेले नाही त्याच्यावर लादू नये. संशय मनात ठेवून जो खातो तो स्वतःच्याच मनाचा दोषी ठरतो. टिळकांना हे उतारे पाठ असणार. पण पाठ असणे आणि रोज घरात पाळणे यांत अंतर आहे. पत्नीने त्यांच्या सांगण्यावरून पाणी प्यायले असते तर त्यांचा संसार एका दिवसात सुरळीत झाला असता आणि लक्ष्मीबाई जन्मभर मनातून कुरतडत राहिल्या असत्या.

मग तो दिवस आला. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना तो भाग विसरता येणार नाही. कोणी उपदेश करीत नव्हते, प्रार्थनासभा चालू नव्हती. लक्ष्मीबाई एकट्या विचार करीत होत्या: ही जात केली कोणी? देवाने की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत जसा दिसण्यात भेद आहे तसा माणसामाणसांत दिसला असता. पण जन्म सर्वांचा एकच, मरण एकच, हाडेमांस एकच. मग हे माणसाचेच काम! आणि ते माणसाचे असेल तर ते पाळण्याचे कारण काय? त्यांनी तेथल्या तेथे ठरवले की, यापुढे कोणाच्याही हातचे खायचे. हा युक्तिवाद काही नवा नव्हता. महाराष्ट्रात संतांनी आणि सुधारकांनी तो अनेकदा मांडला होता. नवे एवढेच होते की, मीठ धुऊन खाणाऱ्या घरातील एका बाईने तो आपल्या डोक्याने, आपल्या वेळी, स्वतःसाठी मांडला. त्यानंतर तो कोणाला मोडता येणार नव्हता. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याच्या सोळाव्या परिच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीला माणसाचा अंतरतम गाभारा म्हटले आहे. तेथे तो एकटा देवासमोर असतो. गाभारा हा शब्द आपल्या कानांना सहज समजतो. गाभाऱ्यात गर्दी करता येत नाही. नवऱ्यालाही बाहेर उभे राहावे लागते, हे लक्ष्मीबाईंच्या कथेतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही भाष्यातून आम्हांला दिसलेले नाही. त्याच परिच्छेदात पुढे असेही म्हटले आहे की, अज्ञानामुळे चुकणारी सद्सद्विवेकबुद्धीही आपली प्रतिष्ठा गमावीत नाही. मात्र सत्य शोधण्याची फिकीरच जो करीत नाही त्याला ही सवलत नाही. सोवळे पाळणाऱ्या लक्ष्मीबाई आणि सोवळे सोडणाऱ्या लक्ष्मीबाई यांच्यामध्ये हीच फिकीर पाच वर्षे जागी होती. त्या झोपल्या नाहीत, म्हणून जाग्या झाल्या असे म्हणण्याची पाळी आली नाही.

या निर्णयाने त्यांचे जीवन सुरक्षित झाले, असे मात्र कोणी समजू नये. ते दिवस छप्पन्नच्या दुष्काळाचे होते. १८९९-१९०० च्या त्या दुष्काळाने नगर जिल्हा पोळून निघाला. पाठोपाठ प्लेग. मिशनच्या मुलींमध्ये साथ शिरली तेव्हा त्यांच्या शुश्रूषेला लक्ष्मीबाई उभ्या राहिल्या. राहुरीच्या घरात पोरक्या मुलांची भर पडत गेली. नगर भागातील ख्रिस्ती समाज मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आलेला. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानून जलालपूरचे घर धुतले जात होते, त्यांचीच मुले आता लक्ष्मीबाईंच्या चुलीभोवती होती. टिळकांच्या हाताला पैसा पूर्वी टिकत नव्हता तसा आताही टिकत नव्हता. घरात पाहुणे असत, कवी असत. बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे मुलासारखे राहिले आणि त्यांना कोणी ख्रिस्ती हो म्हटले नाही. उद्या काय शिजवायचे याची विवंचना मात्र बहुतेक दिवशी असे. ‘स्मृतिचित्रे’त ही सारी ओढाताण इतक्या हसत सांगितली आहे की, वाचताना ती ओढाताण आहे हेच आपण विसरतो. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाबद्दलही त्यांच्या लेखणीत कडवटपणा नाही. मनात हिशेब बाकी असलेल्या माणसाला असे लिहिता येत नाही, असे आमचे मत आहे.

आता दाखल्याच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो टाळून लक्ष्मीबाईंचे कौतुक करणे सोपे आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ मध्ये तो शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना मिळालेला नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सूसाई खटल्यात तो नाकारला. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नासाठी आयोग नेमण्यात आला. दरम्यान आपल्या गावांत कुटुंबे दोन नोंदींमध्ये जगत आहेत. गावाने त्यांची जात विसरलेली नाही, पाणवठ्यावर आणि वस्तीच्या रचनेत ती आहे तशीच आहे. फक्त सरकारी कागद म्हणतो की बाप्तिस्म्याबरोबर ती संपली. नोंदवहीत नाव आहे पण मंदिरात येणे थांबवले आहे, अशी घरे आहेत. शिष्यवृत्ती सोडून मुलांना मजुरीच्या पैशावर शिकवणारीही आहेत. पहिल्यांना दुबळे आणि दुसऱ्यांना शूर म्हणून मोकळे होणारे वक्ते आम्ही ऐकले आहेत. बहुधा त्यांच्या स्वतःच्या मुलांना या शिष्यवृत्तीची गरज नव्हती. नावासाठी नव्हे तर लेकीच्या शिक्षणासाठी जो बाप दाखला बदलून घेतो त्याच्या मनाची तगमग ही टिळकांच्या १८९३ ते १८९५ च्या तगमगीहून हलकी आहे असे आम्हांला वाटत नाही. कायद्याने गरिबाला अशा कात्रीत धरणे हा कायद्याचा दोष आहे आणि तो उघडपणे म्हटला पाहिजे. तरीही रात्री अंथरुणावर पडल्यावर जो प्रश्न उरतो तो आयोग सोडवणार नाही, धर्मगुरूही सोडवणार नाहीत. धर्मगुरूंना एवढे करता येईल की टिळकांनी केले तसे थांबावे, दार उघडे ठेवावे, आणि घडा हिसकावून घेऊ नये.

टिळकांना स्वतःलाही एकदा निर्णय घेऊन भागले नाही. मिशनची नोकरी, नगरचे अध्यापन, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन, कवी म्हणून कीर्ती, पन्नाशी उलटलेल्या माणसाला आणखी काय हवे? पण पगारी उपदेशकाचा ख्रिस्त हिंदुस्थानाला आपला वाटणार नाही, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून राहायचे ठरवले आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही होती. घराला मिळकत नाही, वय झालेले, प्रकृती ढासळलेली. या वेळी मात्र एक फरक होता. १८९५ च्या निर्णयाची बातमी लक्ष्मीबाईंवर कोसळली होती. १९१७ चा निर्णय त्यांच्यादेखत पिकला. त्यांना तो पूर्ण पटला होता की नाही हे बाजूला राहो, पण आता त्या आपल्या पायांवर उभ्या होत्या आणि नवऱ्याच्या फकिरीची थट्टा करण्याइतक्या निर्धास्त होत्या.

दरबाराला दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला आणल्या. त्या काळी ख्रिस्ती माणसाने दहन मागणे अनेकांना धक्कादायक वाटले. आपल्या ख्रिस्तसभेने दहनावरील बंदी शिथिल केली ती १९६३ मध्ये. मेल्यानंतरही या माणसाने आपल्या देशाच्या रीतीची आणि आपल्या श्रद्धेची फारकत होऊ दिली नाही.

लक्ष्मीबाईंच्या हाती काय उरले? पैसा नव्हता. पुढे मुलाबरोबर काही वर्षे त्यांनी दूर कराचीत काढली; पन्नाशीनंतर परक्या प्रांतात, परक्या भाषेत. आणि एक अपुरे हस्तलिखित उरले होते. टिळकांनी १९०९ मध्ये ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’नंतर तीन शतकांनी मराठीत ते काम पुन्हा कोणी हाती घेत होते. पण दहा-साडेदहा अध्यायांवर लेखणी थांबली होती. मोठमोठे कवी टिळकांचे मित्र होते. त्यांतील कोणी ते पुरे केले नाही. ज्या बाईला जोडाक्षरे नीट लिहिता येत नव्हती, जी एकेकाळी या पुस्तकातील नायकाने आपला नवरा पळवला असे मानीत होती, तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचले. वय वाढत होते, प्रकृती साथ देत नव्हती, आणि ‘स्मृतिचित्रे’चे भागही याच काळात, १९३४ पासून, पुस्तकरूपाने बाहेर पडत होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी छापलेले पाहिले नाही. ते १९३८ साली प्रसिद्ध झाले.